आत्याच्या दारावरून जाणारा रस्ता

"जगातले निम्मे गोंधळ सगळे सगळ्यांशी बोलतात म्हणून होतात!" असं दादाने जाहीर केलं. घरात सगळेच एकदम बोलत असल्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दादा नेटवर्क इंजिनिअर. त्याच्या कंपनीतला प्रत्येक राउटर बाकीच्या प्रत्येकाला माहिती पाठवायचे रस्ते सांगत बसायचा. नवा राउटर आला की नव्या सुनेसारखी सगळ्यांशी ओळख करून द्या! दादाने मधोमध एक राउट रिफ्लेक्टर नेमला. जे काही असेल ते त्याला कळवायचं. त्याने त्यातला उत्तम रस्ता निवडून सगळ्यांना सांगायचा. गलका थांबला, साहेबांनी पाठ थोपटली आणि दादाचे पाय जमिनीला टेकेनासे झाले.

त्यातच धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नोंदणी कचेरीत, साधंसुधं. नवरामुलगा जहाजावर नोकरीला; दुसऱ्या दिवशी निघाला की वर्षभराने उगवणार. म्हणजे आज नाही तर वर्षभर नाही!

"एकमेकांना फोन करायचे नाहीत," दादाने नातलगांना बजावलं. "आपली राउट रिफ्लेक्टर आत्या. कचेरीचा उत्तम रस्ता निवडून तीच सगळ्यांना सांगेल. डोकं चालवायचं नाही."

लग्नाच्या दिवशी कारकुनाने पुकारा केला. "तीन साक्षीदार?"

साक्षीदारच काय, दोन्हीकडचं चिटपाखरू नव्हतं. दादाने काकांना फोन लावला.

"काका, कुठे आहात?"

"बसमध्ये. आत्याकडे चाललोय."

"अहो, तुम्ही तर कचेरीच्या मागेच राहता!"

"हो ना! गॅलरीतून तू दिसलास. हातसुद्धा केला मी. पण तूच म्हणालास, डोकं चालवायचं नाही."

दादाने घाम पुसत आत्याला फोन लावला.

"आत्या, तू सगळ्यांना तुझ्या घरापासूनचा रस्ता सांगितलास?"

"मग काय शेजारणीच्या घरापासूनचा सांगू? उत्तम रस्ता निवड म्हणालास. माझ्या दारावरून डावीकडे, पुलाखालून सरळ. यापेक्षा उत्तम असेल तर दाखव!"

"मग निघा ना लवकर!"

"निघतोय कसले! सगळ्यांच्या गाड्यांनी माझी गल्ली तुंबलीय. पुढचा हलेना, मागचा सरेना."

कारकून खिडकी ओढू लागला. बहिणीने दादाकडे एकदा पाहिलं, मग मागच्या रांगेकडे वळून थेट विचारलं, "माझ्या लग्नाला कुणी सही करता का हो?"

घराच्या कागदांसाठी आलेलं एक जोडपं आणि रांगेत चुकून उभे राहिलेले एक आजोबा पुढे आले. सह्या झाल्या, लग्न लागलं. आजोबांनी नवरीला आशीर्वाद दिला आणि दादाला विचारलं, "तुम्ही मुलाकडचे का?"

तेवढ्यात दादाला आत्याचाच फोन आला.

"एकही माणूस चुकला नाही हो, सगळे माझ्याकडे पोचले! चहा टाकलाय. येताना तेवढं दूध घेऊन ये."