कचेरी सुटायची वेळ

आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणा उतरला, की त्याच्या हाती कपबशी यायच्या आत दारात देवरावभाऊ हजर! कचेरीतून निवृत्त झालेले नाझर. "घंटाघर पाह्यलं का? नाही? मंग बालाघाटले आलेच काहून?"

घंटाघर म्हणजे चौकातला नवा सिमेंटचा मनोरा. वर तीन म्हाताऱ्या घंटा, त्यांत एक जुन्या कचेरीची. वेळ सांगायला आता भोंगा आहे; घंटा फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना वाजवून दाखवायच्या, असा नियम. पायऱ्या एकाहत्तर. माझ्या लांजीच्या मेहुण्याला भाऊंनी त्या तीनदा चढायला लावल्या. तिसऱ्यांदा उतरल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, आता तुम्हीच लांजीले येत जा." शेजारच्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाच्या बापालाही यांनी उचलून नेलं. परत आला तो नुसता धापा टाकत. होकार की नकार, तासभर कळेना!

जायचं बरोबर पावणेपाचला. घंटा कचेरीचीच, टोले पाचच. पाहुण्याने दोराला नुसता हात लावायचा, ओढायचा भाऊंनी.

माझ्या गुडघेदुखीच्या मामांना वर नेलं, तेव्हा मात्र मी भांडायलाच भाऊंच्या घरी गेलो. वहिनी एकट्याच दारात उभ्या होत्या. वर्षभरात त्यांची आठवण पार गेलेली. मलाही ओळखलं नाही.

"हे आले नाही अजून. कचेरीत काई झालं का हो?"

भोंगा बोंबलला. वहिनी हलल्या नाहीत. मग टोले पडले, एकेक करून पाच. त्यांचा चेहरा सैलावला. "सुटली कचेरी," म्हणत त्यांनी लगबगीने चहाचं आधण ठेवलं.

मी भांडण तसंच घरी परत आणलं.

पुढे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली. धानाच्या मुलखात तेव्हा कोण पाहुणा येतो? साडेचारपासून भाऊ गल्लीत येरझारा घालत होते. दोनदा माझ्या दारापाशी थांबले, आत डोकावले, पुढे गेले. शेवटी वैतागून मी चपला अडकवल्या.

"चला."

"तुम्ही? तुम्ही तं इथलेच."

"चला म्हणतो ना!"

खाली चौकीदार रामलाल. रोज सकाळी माझ्याच ओट्यावर तंबाखू मळणारा.

"पाहुणे कुठचे?" त्याने नियमाप्रमाणे विचारलं.

"राजेगावचा," मी म्हणालो.

त्याने मला न्याहाळलं, मग भाऊंकडे पाहिलं.

"लय दुरून आले बापा," म्हणत त्याने किल्ली काढली. "चढा लवकर. पाच वाजून राह्यले."