पाव किलो भेंडी, कापडाच्या दुकानात

मी एकदा एखादी गोष्ट ठरवली की तडीला नेतोच! विश्वास नसेल तर शिरूरला आमच्या कंपनीत विचारा. इतकी वर्षं स्टोअरकीपर होतो, एक बोल्ट इकडचा तिकडं झालेला नाही. त्यामुळं दोन हजार दोन साली जेव्हा मी ठरवलं, की महिन्याभरात आपलं डोकं दुरुस्त करून घ्यायचं आन् घरात कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही, तेव्हा मला त्यात अवघड असं काहीच वाटलं नव्हतं.

डोक्याला झालं काय होतं, ते सांगतो. साहेबांनी मला सुपरवायझर करायचं ठरवलं. अट एकच. रोज सकाळी कामगारांसमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. पहिल्या दिवशी उभा राहिलो. समोर चाळीस माणसं. "नमस्कार, मी..." आणि पुढं मला माझं नावच आठवेना! आईबापानं चांगलं 'पोपट' ठेवलंय, दोन वर्षांच्या पोराला सांगता येईल असं. पण नाही आठवलं. शेवटी समोरच्या पिंपावर जे लिहिलं होतं ते वाचलं.

"नमस्कार, मी ज्वालाग्राही पदार्थ!"

चाळीस माणसं जी हसायला लागली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत हसत होती. साहेब म्हणाले, "पोपटराव, एक महिना देतो. जमलं तर ठीक, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, नाडी धरली आणि म्हणाले, "तुम्हाला गोळी नको. सीबीटी करा."

"पोट रिकामं ठेवून यावं लागतं का?"

"अहो, ती तपासणी नाही. बोलण्याचा उपचार आहे. माणूस जसा विचार करतो तसं त्याला वाटतं, आन् वाटतं तसा तो वागतो. तो विचारच तपासून बघायचा. याला संज्ञानात्मक वर्तन उपचार म्हणतात."

नाव ऐकूनच मला घाम फुटला. हे करणारी माणसं पुण्यात असतात म्हणून त्यांनी एक नंबर लिहून दिला. तो घेऊन मी आरिफच्या एसटीडी बूथवर गेलो. काचेचं दार लावलं, तोंडावर हात धरला आन् कुजबुजलो, "हॅलो, सीबीटी आहे का?"

"काय? मोठ्यानं बोला!"

"सीबीटी! सीबीटी!"

"सीबीडी? बेलापूरची गाडी स्वारगेटवरून सुटते!" आणि फोन आपटला.

बाहेर आलो तर आरिफ गालात हसत होता. "पोपटभाऊ, सीबीटी म्हणालात काय? आमची आसमीन करते की ते! मावसबहीण माझी. पुण्यात रीतसर शिकलीय. दर गुरुवारी दौंडात बसते, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर."

"आरिफ, कुणाला बोलू नको."

"खुळे का काय! या बूथमधलं बाहेर सांगायला लागलो, तर निम्म्या शिरूरचे संसार मोडतील."

घरी बायकोला, करुणाला, थाप मारली. "दर गुरुवारी दौंडला कंपनीचं ट्रेनिंग आहे."

"कशाचं?"

"नट-बोल्टांचं."

तिनं माझ्याकडं फक्त बघितलं. ते बघणं मी तेव्हा नीट वाचायला पाहिजे होतं.

आसमीन मॅडम वयानं माझ्याहून लहान. खालून दात कोरायच्या मशिनचा आवाज, मध्येच कुणाची तरी किंकाळी, आणि वर या शांत. म्हणाल्या, "लोक हसले तर काय होईल?"

"मी मरेन."

"परवा चाळीस जण हसले. तुम्ही जेवलात का त्या दिवशी?"

"हो. चार भाकरी."

"म्हणजे मेला नाहीत."

खोटं कसं सांगणार! मॅडमनी वही उघडली, उभ्या रेघा मारल्या. घटना काय, मनात विचार कोणता आला, भीती शंभरात किती, आन् शेवटी खरोखर झालं काय. "आता घरचा अभ्यास. मुद्दाम, कुणाला त्रास न देता, लोक हसतील असं काहीतरी करायचं. आधी लिहायचं काय होईल वाटतं, मग लिहायचं काय झालं. कापडाच्या दुकानात जा आणि पाव किलो भेंडी मागा."

"आणि दुकानदारानं का म्हणून विचारलं तर?"

"कारण सांगायचं नाही. तीच तर मजा आहे."

तुम्ही म्हणाल यात काय मजा! मलाही तेच वाटत होतं. शंकररावांच्या कापडाच्या दुकानापुढून मी सात वेळा गेलो. आठव्यांदा त्यांनीच हाक मारली. वहीत लिहून ठेवलं होतं : भीती शंभर, लोक हसतील, पोलीस बोलावतील. आत गेलो, डोळे मिटले.

"पाव किलो भेंडी द्या!"

शंकररावांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "भेंडी कलर? आहे ना! किलोवर नाही देत, मीटरवर. ब्लाऊजपीस फाडू का?"

आणि टर्रकन फाडला! मी भेंडीच्या रंगाचा ब्लाऊजपीस घेऊन बाहेर. करुणानं तो हातात धरला, उलटा केला, सुलटा केला. "लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी आणला न्हाई. आजच काय?"

कारण सांगायचं नव्हतं. मी वही काढून आकडा लिहायला बसलो.

पुढचा अभ्यास एसटीतला. भर गाडीत मोठ्यानं किती वाजले ते ओरडायचं. ओरडलो, "सव्वानऊ वाजले!" चार जणांनी घड्याळं जुळवून घेतली. कंडक्टर म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, माझं कालपासून बंद आहे." दुसऱ्या दिवशी एक आजोबा माझ्याशेजारीच येऊन बसले आन् सव्वानऊला कोपरानं ढोसून म्हणाले, "वरडा की!"

मला हसायला एक माणूस मिळेना! आता सांगा, इतक्या प्रेमळ गावात माणसानं बरं तरी कसं व्हायचं?

म्हणून तिसरा अभ्यास मी स्वतःच्या अकलेनं केला. आठवडी बाजारात एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून दोन तास फिरलो. हसलं कुणीच नाही. पण माझ्या सासुरवाडीच्या, म्हणजे निमोण्याच्या, तीन बायका वांगी निवडत होत्या. त्यांनी माझे पाय बघितले, एकमेकींकडं बघितलं, आन् पदर तोंडाला लावला.

गुरुवारी सकाळी मी पिशवी घेऊन दौंडला निघालो, तर दारात जीप उभी. तिच्यातून माझे सासरे गेणबा उतरले, सासू कुशाबाई उतरल्या, मागून पाच पाहुणे उतरले. करुणा डोळे पुसत बाहेर आली. तिच्या हातात तो ब्लाऊजपीस होता. पुरावा!

"जय भीम, मामा," मी म्हणालो.

"जय भीम. जावई, बसा जीपमधी. घाबरायचं न्हाई. मनाचा आजार हाय, अंगाला व्हतो तसाच. अंगारा-धुपारा आपल्यात चालत न्हाई. डॉक्टरकडंच जायाचं."

"कुठं?"

"दौंडला. एक बाई हायेत, गुरुवारी बसत्यात."

बघा म्हणजे! मी दौंडलाच निघालो होतो, आणि मला धरून दौंडला न्यायला घरची धरून आठ माणसं जमली होती! एक वाक्य बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. पण समोर आठ माणसं. मी पिशवी काखेत मारून जीपमध्ये चढलो. मला दोघांच्या मध्ये बसवलं, जणू मी चालत्या गाडीतून उडी मारणार होतो. पाटसला उसाच्या ट्रॅक्टरमागं अर्धा तास अडकलो, तेवढ्या वेळात मामींनी माझा हात एकदाही सोडला नाही. त्यांच्या हाताला माझ्याहून जास्त घाम होता.

जिन्यावरून आमची वरात वर गेली. दाताच्या रांगेतल्या एका माणसानं विचारलं, "सगळ्यांचेच दात एकदम?"

आसमीन मॅडमनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. पेशंटचं नाव पेशंटनंच सांगायचं, हा त्यांचा नियम. "बोला, काय त्रास आहे?"

आठ जण एकदम बोलायला लागले. "एसटीत वरडतोय!" "बूट-चप्पल!" "भेंडी!" "नट-बोल्टाचं ट्रेनिंग म्हंतोय, कंपनीत इचारलं तर कुणाला ठावंच न्हाई!" करुणा म्हणाली, "मॅडम, ते रात्रंदिवस एका वहीत आकडे लिहित्यात हो!" आणि रडायलाच लागली.

ते रडणं मला सोसलं नाही. मी उठलो.

"बास! मी बरा होण्यासाठी येतोय इथं! तीन आठवडे झाले!"

मग माझं मलाच थांबता येईना. वही उघडून सगळ्यांना दाखवली. "हे बघा, घटना वेगळी आन् आपला विचार वेगळा. लोक हसले ही घटना. 'आता मी संपलो' हा विचार. विचार म्हणजे निकाल नव्हे, नुसता अंदाज! तो खरा का खोटा, हे करून बघायचं आन् लिहायचं. शंकररावांकडं मी शंभर घाबरलो, झालं काय? ब्लाऊजपीस! करुणा, लाज वाटली म्हणून तुला थाप मारली. चुकलं माझं."

किती वेळ बोललो कुणास ठाऊक. खालची दाताची मशीनसुद्धा बंद पडली होती. थांबलो तेव्हा करुणा हसत होती, पाहुणे माना डोलवत होते. गेणबा मामा मात्र पुढं सरकून मॅडमच्या कानाशी म्हणाले, "मुका व्हता तवा बरा व्हता हो! ह्ये बोलणं कमी करायला काय हाय का?"

सोमवारी कंपनीत उभा राहिलो. आवाज थरथरला, दोघं हसले, मी माझं खरं नाव सांगितलं. सुपरवायझर झालो!

इथं मी थांबलो असतो. पण त्या गुरुवारी सगळे खाली उतरले, तरी कुशाबाई मामी वरच राहिल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माझं बी जरा इचारायचंय." पाऊण तासानं खाली आल्या. डोळे लाल, पण चालणं हलकं. काय विचारलं ते कुणाला सांगितलं नाही. नंतर दर गुरुवारी एकट्या एसटीनं दौंडला जायला लागल्या. साक्षरता वर्गात आकडे शिकल्या होत्या, तेवढ्यावर वहीसुद्धा ठेवली.

महिन्याभरानं मी निमोण्याला जेवायला गेलो. मटणाचा रस्सा असा झाला होता, की दोनदा घेऊनही मन भरेना. जावयाच्या रुबाबात वाटी पुढं केली. "मामी, अजून थोडा रस्सा वाढा."

मामींनी पदर सावरला. चाळीस वर्षं त्या घरात ज्यानं जे मागितलं ते त्यांनी वाढलं होतं, आन् स्वतः तळाला उरेल ते खाल्लं होतं. माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या,

"न्हाई. त्यो माझ्यासाठी ठिवलाय."

गेणबा मामांचा घास हातातच राहिला. मामींनी फळीवरची वही काढली, जिभेला पेन्सिल लावली आन् आधीच्या भीतीचा आकडा लिहिला : नव्वद. मग जरा थांबल्या, मला नीट न्याहाळलं, आन् पुढं नंतरचा लिहिला : धा.

मी काय करणार! बोटं चाटली आणि हात धुवायला उठलो.