मागचं चाक रेडियल

नामदेवअप्पा माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी त्याच्या गाडीचा टायर. पाहुण्यानं दारात मोटरसायकल लावली रे लावली, की अप्पा उकिडवे बसतात, अंगठ्यानं टायर दाबतात, गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि निकाल देतात, "नायलॉन!" तेही अशा सुरात, की पाहुण्याला वाटावं आपल्या खानदानातच काहीतरी खोट निघाली. मग कुठे "या, बसा, च्या घ्या."

जग दोन भागांत वाटलं गेलंय हे मलाही मान्य आहे. माझ्या मते ते दोन भाग म्हणजे लुटणारे आणि लुटले जाणारे. अप्पांच्या मते रेडियल आणि नायलॉन. नवीन जालन्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. अप्पा एका बियाणं कंपनीच्या गोदामावर स्टोअरकीपर. तिथे माल भरायला येणाऱ्या ट्रकवाल्यांनी कधीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की साधा नायलॉनचा टायर वळणावर दगा देतो, रेडियल मात्र रस्ता सोडत नाही. झालं! जे धरून राहतं ते रेडियल, जे सुटतं ते नायलॉन. गल्लीतला नळ नायलॉन. पुढारी तर मुळापासून नायलॉन. अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातचं धपाटं रेडियल.

आमच्या रस्ता संघर्ष समितीचं पहिलं पत्रक मी मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिलं. 'झोपलेल्या बांधकाम खात्याला जाहीर सवाल!!!' अप्पांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग कागद अंगठ्यानं दाबून पाहिला.

"नायलॉन हे, पुढारी." पत्रक दिल्यापासून मी त्यांचा पुढारी.

"का?"

"आवाज लई. पकड न्हाई."

स्पष्टच सांगतो, मी बरेच दिवस त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही.

गंमत अशी, की अप्पांची स्वतःची गाडी दोन्ही चाकांनी नायलॉन होती. शंभर सीसीची, जुनी, स्वस्तातली. टाकीचा लाल रंग उडून विटकरी झालेला, चाकं सायकलीला शोभतील इतकी बारीक. त्या गाडीला अप्पांना रेडियल बसवायचे होते! तेव्हा नव्या मोटारींना रेडियल येऊ लागले होते, ट्रकवाले त्याच्या गप्पा मारायचे. पण या काडीपैलवान गाडीला रेडियल? सगळं जालना हसायचं. अप्पांवर परिणाम शून्य.

दुसरी तऱ्हा मागच्या सीटची. एकदा मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन घनसावंगीला निघालो होतो आणि अप्पाही गोदामाच्या कामाने तिकडेच. म्हटलं, "अप्पा, मला घ्या मागं."

"जागा न्हाई, बाबा."

मागे रिकामी सीट! फडक्यानं पुसून लखलखीत केलेली!

"ही काय, रिकामीच तर हे!"

"दिसती रिकामी. रिकामी न्हाई." किक मारली आणि गेले की हो! मी वडापच्या जीपला लोंबकळत गेलो आणि सबंध रस्ताभर 'मध्यमवर्गीयांची मालकीहक्काची विकृती' या विषयावर मनातल्या मनात लेख लिहिला.

पण खरा तमाशा बघायचा तो आष्टीच्या वाटेवर. अप्पांची मुलगी परतूरपुढच्या आष्टीला दिलेली. काकू तिला भेटायला निघाल्या, की एसटीने जायच्या. खिडकीची जागा, मांडीवर पिशवी. आणि अप्पा? ते एसटीच्या मागे मोटरसायकलवर! एकटे! बसची धूळ खात, डोळे पुसत, थेट आष्टीपर्यंत. बस थांब्यावर थांबली की गाडी खिडकीशी लावायची आणि मान वर करून विचारायचं, "बरंय न्हं?"

काकू पदर सारखा करत म्हणायच्या, "बरंय. तुम्ही तोंड पुसा आधी."

पुढचा थांबा. "बरंय न्हं?" परतूरला तर कंडक्टरनं हात जोडले. "अप्पा, एक तर आत येऊन बसा न्हाई तर बस तुम्हीच चालवा! प्याशिंजर हसून राह्यलेत."

अप्पा म्हणाले, "गाडी एकटी कशी सोडू?" कोणत्या गाडीबद्दल बोलत होते, कोण जाणे.

याचं मूळ मला माझ्या आईकडून कळलं. काकू आधी अप्पांच्या मागेच बसून जायच्या. आष्टीच्याच रस्त्यावर एका पुलाच्या वळणावर गाडी घसरली, अप्पांना खरचटलं, काकूंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण काकू पुन्हा त्या सीटवर बसल्या नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त "मी एसटीनं येते." आणि त्या दिवसापासून अप्पांनी ती सीट कुणालाही दिली नाही.

माझं रक्त उसळलं! तो रस्ता म्हणजे डांबर लावलेली चाळणी! मी रातोरात दुसरं पत्रक लिहिलं. 'एका भगिनीचे मनगट मोडले! जबाबदार कोण?' आणि सहीसाठी थेट अप्पांकडे. ते सही करेनात.

"रस्ता काय करीन, पुढारी? रस्ता त्याच्या जागी व्हता. टायर सुटला माझा."

"अप्पा, तुम्ही व्यवस्थेचे बळी आहात!"

"मी नायलॉनचा बळी हे. एकदा रेडियल बसू दे, मंग बघ. ती येऊन बसती का न्हाई मागं, बघच तू."

तेव्हा मला उमगलं. हा माणूस टायर शोधत नव्हता, बायकोला परत मागच्या सीटवर बोलवत होता. तरीही माझं मत कायम होतं आणि आहे: दोष रस्त्याचाच.

आणि एक दिवस अप्पा औरंगाबादेहून एसटीने आले, खांद्यात टायर अडकवून! कुठल्याशा मोठ्या, महागड्या मोटरसायकलचा उतरवलेला, पण जवळपास नवा, रेडियल. सगळी गल्ली बाहेर. अप्पा ओरडले, "दाबा! दाबून बघा!" म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा अंगठे लावले.

टायर जोडणारे सलीमभाई मात्र कपाळाला हात लावून बसले. स्टेशनजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान. "अप्पा, बकरीको हाथीका जूता पिन्हारे तुम! तुमचा रिम अठराचा, टायर सतराचा. रिम बारीक, टायर चौडा. बैठेगाच नहीं."

"मंग रिम बदल."

रिम बदलला. रुंद, सतरा इंची रिम आणून चाकाच्या मधल्या जुन्या हबला नवे स्पोक ओवले. एकेक स्पोक ताणताना अप्पा समोर बसून, लग्नात अंतरपाट धरल्यासारखे गंभीर. रिम झाला तर टायर चाक धरणाऱ्या चिमट्याला घासू लागला. चिमटा रुंद केला. मग चेनकव्हर आडवं आलं, ते कापलं. मडगार्ड टेकलं, ते उचललं. सलीमभाई करवत चालवताना पुटपुटत, "अब गाडीमें गाडी कितनी बची, अल्ला जाने." मी रोज जाऊन उभा राहायचो. खोटं कशाला बोलू, आमच्या मोर्चालासुद्धा मी कधी एवढ्या उत्साहाने वेळेवर गेलो नव्हतो!

अखेर गाडी उभी राहिली. मागून रेडा, पुढून शेळी! पुढच्या चाकाला काही केल्या रेडियल मिळाला नव्हता. मी म्हणालो, "अप्पा, पुढचं नायलॉनच राह्यलं की."

अप्पा फडक्यानं सीट पुसत होते. "पुढं मी बसतो. मागं ती. मागचंच पाहिजे."

मी खिशातला पत्रकाचा नवा मसुदा चुरगळून टाकला. (नंतर परत काढून सरळ केला. चांगला होता.)

मुहूर्त होता नातवाच्या जावळाचा. रविवारी सकाळी काकू पिशवी घेऊन एसटी स्टँडला निघाल्या आणि दारात बघतात तर गाडीला झेंडूचा हार! अप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. ओट्याओट्यांवर गल्ली, कोपऱ्यावर खास बघायला आलेले सलीमभाई.

"रेडियल हे," अप्पा म्हणाले. "बसून तर बघ."

काकूंनी गाडीला एक वळसा घातला. वाकल्या. अंगठ्यानं टायर दाबला! गल्ली ओट्यांवरून पुढे वाकली.

"टायर बराबर हे," काकू म्हणाल्या. "पण टायर कवा घसरला व्हता?"

"म्हंजे?"

मला राहवलं नाही. "काकू बरोबर बोलतात! रस्त्यामुळे—"

"दिनू, तू गप. रस्त्यानं बी न्हाई केलं." त्या अप्पांकडे वळल्या. "तुम्ही मागं वळून बघत व्हते. मी बराबर बसले का न्हाई ते बघाया. दर खड्ड्याला मागं बघायचं, बरंय न्हं, बरंय न्हं! पुढं वळण आलं, तवा तुमचं तोंड माझ्याकडं व्हतं. मला पडायची भीती न्हाई वाटत. तुमच्या मानेची वाटती."

अप्पांनी हारातलं एक फूल उगाच नीट केलं.

सलीमभाईंनी कोपऱ्यावरून तोडगा काढला. "अप्पा, आईना लगा देता मैं. दोनों तरफ!"

"आरसा नको," अप्पा खाली बघत म्हणाले. "आरशात ती बारकी दिसती. लांब गेल्यावाणी." मग काकूंना म्हणाले, "मी तरी काय करू? तू मागं चिडीचूप बसती. आवाज न्हाई, का हालचाल न्हाई. मला वाटतं, पडली. दर बारीला वाटतं."

आता काकू म्हणजे अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी बोलणारी बाई. त्यांनी पिशवी मांडीशी धरली, पदर खोचला आणि मागच्या सीटवर बसल्या. गाडी हलली नाही. अप्पाही हलले नाहीत.

"चला. मी बोलत राह्यते. माझं बोलणं थांबलं, तरच मागं बघायचं."

किक बसली. रेडियल फिरला! गल्लीत शिट्ट्या, टाळ्या, मी तर 'विजय असो' अशी घोषणा दिली, कशाचा ते न ठरवता. आणि त्या गोंगाटावरून काकूंचा आवाज ऐकू येत होता, कधी नव्हे इतका मोठा. "हे देशमुखांचं घर. त्यायच्या फाटकाला रंग लावलाय. चांगला न्हाई दिसत. हा लिंब. हा पिठाच्या गिरणीवाला, दात घासून राह्यला अजून..." अप्पांची मान खिळा ठोकल्यासारखी समोर.

रस्त्यावरचं आमचं आंदोलन पुढेही चालू राहिलं. पुलाच्या त्या वळणावर आजही खड्डा आहे आणि मी गप्प बसणार नाही.

सोमवारी मी गोदामावर गेलो. म्हटलं, एवढा खटाटोप केलेल्या वस्तूचा अधिकृत निकाल ऐकावा. "अप्पा, सांगा. रेडियल कसा चालला? वळणावर पकड?"

अप्पांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ती आष्टीपोत्तर बोलत व्हती, पुढारी. परत येतानी बी. आवाज बसला बिचारीचा."

"पण टायर?"

"टायर..." अप्पा गोंधळले. "टायरकडं ध्यान द्यायचंच राहून गेलं, बाबा."