कुमुद मॅडमचा संशय

कुमुद मॅडम आमच्या मटणाच्या दुकानात रोज येतात, पण मटण कधी घेत नाहीत. बकरीच्या पोटातल्या बोराएवढ्या दोन गाठी मागतात. त्या आम्ही कुत्र्यांना टाकत होतो. मॅडम थर्मासात घालून नेतात.

पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई करणी करते. मी त्यांच्याकडे संशयाने पाहत होते आणि त्या आमच्याकडे.

"बकरी किती वाजता कापली?"

"सात वाजता," माझे मालक म्हणाले.

"कशावरून?"

"आता बकरी तर सांगाले येत नाही, मॅडम!"

मॅडम हसल्या नाहीत. आमचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. चार मिनिटं पुढे निघालं. तेव्हापासून त्या त्याच्याकडे चोराकडे पाहावं तशा पाहतात. थर्मासवर भरवसा नाही म्हणून आत थर्मामीटर, आणि थर्मामीटरवर भरवसा नाही म्हणून पर्समध्ये दुसरा.

त्या यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवतात, एकट्या राहतात. मी बकरीची आतडी-वजडी धूत असते, त्या बसून सांगतात. मी चौथी शिकलेली, कोणाशी फार बोलत नाही, पण ऐकते. त्या गाठी म्हणजे बकरीची अंडाशयं, त्यांत म्हणे हजारो बीजं असतात, बकरी जन्मायच्या आधीपासून झोपलेली. प्रत्येकाभोवती पेशींचं पातळ पांघरूण. त्यातली थोडीच जागी होतात. बीज आणि पांघरूण वाढीची द्रव्यं सोडून एकमेकांना निरोप धाडतात.

"पण आधी कोण धाडतं, कळू देत नाहीत," मॅडम म्हणतात. "दोघंही लबाड!"

मागच्या महिन्यात मॅडम कॉलेजात बशीत वाढवतात ती बीजं उठेनाशी झाली. एक तरी वाढलेलं दाखवा, नाहीतर काम बंद, असं कॉलेजनं बजावलं. मॅडमनी आधी विजेवर संशय घेतला, मग द्रव्याच्या बाटलीवर, मग शिपायावर. त्या बिचाऱ्याला तीनतीनदा हात धुवायला लावले म्हणे.

ऐकता ऐकता मला मिठाचं आठवलं. एवढ्या शिकलेल्या बाईला रक्ताळलेलं कसं द्यावं, म्हणून महिनाभर मी त्या गाठी वजडीसारख्या मीठ चोळून धुऊन देत होते. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी बोलले.

"मॅडम, मीच गुन्हेगार. मी मीठ चोळत होती."

मालकांनी कपाळावर हात मारला. "कायले वं?"

मॅडम शांत होत्या. "मला माहीत होतं. गाठी आक्रसलेल्या दिसल्या, म्हणून थर्मासातलं पाणी तपासलं. खारट निघालं."

"मग बोलल्या काहून नाही?" मी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अवो, पण काम बंद पडत होतं ना तुमचं!" मालक म्हणाले. "गाठी तर चार दुकानांत भेटतात. तिकडून न्यायच्या."

मॅडम थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिल्या. "तिकडूनच नेते. पंधरा दिवस झाले. दोन बीजं वाढायलाही लागली."

आम्हा नवराबायकोला आत्ता उमगलं. म्हणजे इथून नेलेल्या गाठी पंधरा दिवस फुकटच जात होत्या. आणि सगळं ठाऊक असून त्या शिपायाच्या गोष्टी आम्हाला सांगत बसल्या होत्या?

मी ओले हात पदराला पुसले. धीर करून म्हटलं, "मॅडम, सोमवारी दुकान बंद राह्यते. घराकडं या जेवाले."

"सोमवारी येतेच मी," त्या म्हणाल्या. "बंद शटरपर्यंत येते आणि परत जाते."