हळबेकाकूंचा हट्ट

भोगावच्या कोर्टामागे ‘न्यायसोबत’ नावाची संस्था आहे. ती देणगी म्हणून रोख रक्कम, तांदूळ, चालू स्थितीतले पंखे आणि हट्ट स्वीकारते.

हट्ट लागतो तो अशिलांना. संस्था गोरगरिबांच्या केसेस फुकट लढते, पण नुसत्या वकिलावर केस चालत नाही. तारखांना हेलपाटे घालून माणसाचा हट्ट झिजतो, आणि हट्ट संपलेला माणूस समोरचा म्हणेल तिथे अंगठा उठवून घरी जातो. त्यामुळे तांदूळ मिळतात, पंखे मिळतात, हट्ट मात्र कायम कमी पडतो.

कुमुदिनी हळबे तिथे गेल्या त्या पंखा द्यायला. संस्थेच्या वकील रुखसाना तांबोळी यांनी तो लावून पाहिला.

“काकू, हा फिरत नाहीये.”

“फिरेल.”

“बटण चालू आहे. वीजही आहे.”

“मी सांगते ना, फिरेल.” काकू पंख्यासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. काही वेळाने पंखा फिरू लागला.

तांबोळी वकिलांनी हातातली फाइल खाली ठेवली. “काकू, तुम्ही हट्ट दान कराल का?”

काकूंचा हट्ट गावात माहितीचा होता. लग्नात त्यांचं नाव बदलायचं म्हणून ताटातल्या तांदळात दुसरं नाव लिहिलं होतं, तर त्यांनी ते ताट पुढे ओढून तांदूळ निवडायला घेतले होते. नाव कुमुदिनीच राहिलं.

“कुणासाठी?” त्यांनी विचारलं.

बाकावर सुरकी पवार बसली होती. तिच्या भावाला पोलिसांनी पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून उचललं होतं. मोटार विहिरीतच सापडली, पण तोवर कोठडीत त्याचा हात मोडला होता, आणि ते झाकायला चोरीचा गुन्हा तसाच ठेवला होता. सुरकीने तक्रार केली, वर्षानुवर्षं तारखा काढल्या, धमक्यांना दाद दिली नाही. आता तडजोडीचा कागद पुढे आला होता आणि तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

“माझा होता की लई,” ती म्हणाली. “सरला.”

“केसपुरताच द्यायचा,” वकीलबाई म्हणाल्या. “नंतर परत मिळतो.”

काकूंनी होकार दिला. आतून एक लोणच्याची बरणी आली. दात्याने तिच्यात तोंड घालून, आयुष्यात जे कधीच मान्य केलं नाही ते मान्य करायचं, अशी पद्धत. काकू बरणीत म्हणाल्या, “वन्संच्या पुरणपोळ्या माझ्यापेक्षा चांगल्या होतात.” बरणी गरम झाली, खोलीत करपलेल्या मोहरीचा वास सुटला. मग सुरकीने बरणी तोंडाला लावली, उठून उभी राहिली आणि पुन्हा बसायला तयार होईना.

काकूंना एकदम हलकं वाटलं, दिवसभराची घट्ट चप्पल काढल्यासारखं. फक्त मधूनच जीभ ‘नाही’ म्हणायला वळायची आणि पडलेल्या दाताच्या जागी जावी तशी रिकामीच परत यायची.

घरी नवऱ्याने, वामनरावांनी, विचारलं, “पिठलं करायचं का?”

“करू या.”

“की भरली वांगी?”

“तीच करू या.”

वामनराव हळूच खुर्चीत बसले. “कुमुद, तुला बरं आहे ना?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

पुढचे दिवस धमालीत गेले. काकू मेथी आणायला गेल्या आणि मंडईतलं सगळं पडवळ घेऊन आल्या, कारण भाजीवाली ‘घ्या’ म्हणाली होती. त्या भजनी मंडळात गेल्या, हास्यक्लबात गेल्या, आणि दोन्हींची वेळ एकच असल्यामुळे हसत हसत अभंग म्हणू लागल्या. सोसायटीच्या निवडणुकीत त्या दोन्ही पॅनेलच्या उमेदवार झाल्या आणि स्वतःच्या विरुद्ध निवडून आल्या. वन्सं फोनवर म्हणाल्या, “पुरणपोळ्या पाठवते,” तर काकू म्हणाल्या, “पाठवा, तुमच्याच चांगल्या.” वन्सं घाबरून पहिल्या गाडीने भेटायला आल्या.

वामनरावांनी टेबल हौसेने खिडकीखाली नेलं. संध्याकाळी परत जागेवर आणून ठेवलं. अडवणारं कुणी नसल्यावर त्यात मजा येत नव्हती.

तारखेला काकू आणि वामनराव कोर्टात गेले. हट्ट आपला, तर बघून यावं. सुरकी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती.

“बाई, किती ओढणार?” समोरचे वकील म्हणाले. “सही करा आणि मोकळ्या व्हा.”

“नाऽही,” सुरकी म्हणाली. तो लांबवलेला ‘ना’ ऐकून वामनरावांनी सवयीने मान खाली घातली.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. “जेवणाच्या सुट्टीनंतर बघू.”

“साहेब, जेवा. मी हितंच हाय. आधी डाक्टर बोलवा. ज्यानं हात बघितला, त्यो कधीच येत नाही.”

ती पिंजऱ्यातून हलेना. न्यायाधीश उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. त्यांनी डॉक्टरांना तत्काळ हजर करण्याचा हुकूम दिला आणि टेबलाआड दोन बिस्किटं खाल्ली. डॉक्टर स्लिपर घालूनच आले. हात पडून नव्हे, मारहाणीने मोडला, असं त्यांनी सांगितलं. दिवस संपायच्या आत चौकशीचे आदेश निघाले, आणि मोटारचोरीचा गुन्हा खोटा ठरून भाऊ सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने धड असलेल्या हाताने बहिणीला उचललं आणि गरागरा फिरवलं. काकूही फिरल्या. त्यांना कुणीतरी ‘या’ म्हटलं होतं.

मग हट्ट परत द्यायची वेळ आली. सुरकीने बरणीत तोंड घातलं, जोर लावला आणि मान वर काढली. “येत नाही. म्हणतोय, नुकसानभरपाई ऱ्हायली.”

वकीलबाईंना यात नवल वाटलं नाही. हट्ट तसा होता म्हणूनच तर मागितला होता. “काकू, कायमचाच देऊन टाकता का? खूप केसेस पडून आहेत.”

“देते की.”

“हो हो, देऊन टाक,” वामनराव म्हणाले आणि लगेच म्हणाले, “नको.”

वकीलबाईंनी उघडलेलं पेन बंद केलं. “नाही, हा होकार मला धरता येणार नाही. हट्ट नसलेल्या माणसाचा होकार म्हणजे धाकाने घेतलेला अंगठा. आम्ही असल्याच अंगठ्यांविरुद्ध भांडतो. काकूंनी आधी हट्ट परत घ्यावा, मग ठरवावं.”

मुद्दा कायद्याचा होता. हट्टाने तो ऐकून घेतला असावा, कारण सुरकीने पुन्हा वाकून पाहिलं, तर बरणी गरम झाली. काकूंनी ती तोंडाला लावली. त्यांचे खांदे मागे गेले, हनुवटी वर आली.

“पडवळ कुणी घेतलं एवढं?” त्यांनी सगळ्यात आधी विचारलं. वामनरावांचे डोळे भरून आले.

“काकू, मग हट्ट देणार?”

“मुळीच नाही. माझा आहे, माझ्याकडेच राहील.” वकीलबाईंचा चेहरा पडला. “पण भरपाईच्या तारखेला मी स्वतः येणार. त्या तारखेला आणि पुढच्या सगळ्यांच्या तारखांनाही. मला कोण अडवतं तेच बघते.”

कुणीच अडवलं नाही. आता काळजी होती ती सुरकीची. ती बाकावर शांत बसली होती. वकीलबाईंनी तिच्यापुढे चहा धरला. “घे गं.”

“नको.”

“अर्धा तरी?”

“नको म्हणलं ना.”

वकीलबाईंनी बरणीत डोकावून पाहिलं. रिकामी होती. तिच्यातला सगळा हट्ट काकूंकडे परत गेला होता. हा दुसरा होता, कोवळा, आणि सुरकीचा स्वतःचा.

भरपाईच्या तारखेला दोघी संस्थेच्या दारातून एकदमच निघाल्या. रिक्षा उभी होती. केस माझी, रस्ता मीच सांगणार, असं सुरकी म्हणाली. रस्ता मला लहानपणापासून माहीत आहे, असं काकू म्हणाल्या. सुरकीला गणपती देवळावरून जायचं होतं, काकूंना बाजारातून. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. वामनराव आणि वकीलबाई पायरीवर बसले. कोर्ट भिंतीपलीकडेच होतं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

शेवटी दोन रिक्षा कराव्या लागल्या.