आत्याच्या युकुलेलेचं माप

वाद्य वाजवता येण्यापेक्षा ते योग्य मापाचं घेता येणं जास्त महत्त्वाचं असतं. बेसूर वाजवणाऱ्याला लोक माफ करतात. चुकीचं माप आणणाऱ्याला घरचे जन्मभर ऐकवतात.

आमच्या आत्याला युकुलेले शिकायचं होतं. (युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. तारा चार, आवाज गोड.) चौतीस वर्षं एका कचेरीत टायपिंग करून तिची बोटं आखडत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर साथ देतील, पुढचं सांगता येत नाही. त्यामुळे तिला घाई होती.

"मला एकच गाणं वाजवायचंय रे," ती मला म्हणाली. "दुकानातलं सगळ्यात लहान आणून दे, म्हणजे झालं."

पण हे वाद्य चार मापांत मिळतं, लहानाकडून मोठ्याकडे: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. तराजू तपासल्याशिवाय त्याने आयुष्यात किलोभर बटाटे घेतलेले नाहीत. जेवणाच्या टेबलावर त्याने रीतसर समिती स्थापन केली. अध्यक्ष तो, सल्लागार बाबा, चिटणीस मी. आत्या 'लाभार्थी' ठरली, आणि लाभार्थ्याला मत नसतं.

पहिले चार महिने मोजमापात गेले. गल्लीतला शिंपी बोलावला. आमच्या घरात आलेली वस्तू कधीच एकट्याची नसते. छत्री, टॉर्च, गरम पाण्याची पिशवी, सगळं सामाईक. म्हणून घरातल्या सातही जणांची वीत, मनगट आणि, वाद्य मांडीवर धरायचं म्हणून, पोटाचा घेर मोजण्यात आला. (काकांसाठी शिंप्याला दुसरी टेप जोडावी लागली. हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.) सरासरी वीत निघाली एकोणीस पूर्णांक चार सेंटिमीटर. एवढी वीत सातांपैकी एकाचीही नव्हती, त्यामुळे पक्षपात झाला असं कोणी म्हणू शकत नाही.

सरासरीला कॉन्सर्ट बसत होतं. तेवढ्यात बाबांनी हरकत घेतली. आमच्याकडे बूट, गणवेश, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत आहे. (माझा शाळेतला स्वेटर मला नोकरी लागली त्या वर्षी नीट बसला.)

"एक माप मोठंच घ्या," बाबा म्हणाले. "मागाहून लहान पडलं म्हणून कुरकुर नको."

"अरे, सदुसष्ट संपली मला," आत्या म्हणाली. "मी आता कुठून वाढणार?"

अध्यक्षांनी हे म्हणणं 'भावनिक' या सदराखाली नोंदवलं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "अहो, त्यांनाच घेऊन या ना दुकानात. हातात धरून बघतील." सूचना बरी होती, पण लाभार्थी समोर असली की निर्णयावर दडपण येतं, म्हणून ती फेटाळण्यात आली. या काळात आत्या रोज चहा झाला की टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं दाबत बसायची, सवय राहावी म्हणून. मला ते बघवत नसे. मी पुढच्या बैठकीची तारीख जरा अलीकडची घ्यायचो.

चौदाव्या महिन्यात ठराव एकमताने मंजूर झाला. एक माप मोठं म्हणजे टेनर. पण बाबांच्या मते एकाने काय होतंय, म्हणून बॅरिटोन.

आत्याने ते मांडीवर घेतलं. पहिलं बोट तारेवर बसलं, दुसरंही बसलं. तिसरं वाटेतच अडलं. तिने चार-पाचदा करून पाहिलं.

"छान आहे रे," ती म्हणाली. "लाकूड किती गुळगुळीत आहे." मग तिने ते स्वतःच पिशवीत घातलं. मला रडू आलं. चिटणिसाला ते शोभत नाही, पण आलं.

ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. लोक हळहळतात आणि लगेच विचारतात, सरासरी सातांची काढायला हवी होती का, सोप्रानोवर तिसरं बोट पोचलं असतं का, आणि शिंपी भरवशाचा होता ना. सगळे प्रश्न मार्मिक आहेत. आत्याला कोणतं गाणं वाजवायचं होतं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. समितीने विचारलं नाही. आणि तुम्हीही आत्ता इथपर्यंत न विचारताच आलात.