रश्श्याचा रंग ओळखणारा कॅमेरा

कॅमेरा बघायला दुकानात जाताना लोक बरोबर एखादा जाणकार नेतात. आमचा गुंडूदादा तांबड्या रश्श्याचा डबा नेतो.

डबा काउंटरवर ठेवायचा, झाकण काढायचं आणि दुकानदाराला म्हणायचं, "दाखव, ह्यो ह्यात कसा दिसतोय." दुकानदार बिचारा नव्याकोऱ्या कॅमेऱ्याचं तोंड रश्श्याकडं करतो. दादा पडद्याकडं बघतो, मग डब्याकडं, मग परत पडद्याकडं. "टोमॅटोचं सार दिसतंय," म्हणतो, झाकण लावतो आणि चालू लागतो. राजारामपुरीतल्या एका दुकानात तर हा पायरी चढताना दिसला की आधी महागडे कॅमेरे आत नेतात. बरं, ह्याला नवीन घ्यायचा असतो असंही नाही. आपला जुना अजून हरलेला नाही, एवढीच खात्री करायला तो जातो.

मंगळवार पेठेत माझं रंगाचं दुकान आहे. समोर ह्याचा फोटो स्टुडिओ. तीस वर्षं आमचा चहा एका किटलीतला आहे. मी रंग विकतो म्हणून मला रंगातलं कळतं असा माझा समज होता, तो ह्यानं मोडून काढला. माझ्या दुकानातलं शेडकार्ड उलटत म्हणतो, "आप्पा, ह्यात पिवळे चाळीस हाईत, पण पोरीला हळद लावल्यावर दिसतो तो एक बी न्हाय." गिऱ्हाईक समोर असताना म्हणतो. ते गिऱ्हाईक मग चुना लावून घर रंगवतं.

तर तो कॅमेरा. पन्हाळ्यावर शूटिंगला आलेल्या एका युनिटनं नवीन कॅमेरा घेतला, तेव्हा जुना ह्यानं स्वस्तात उचलला. सिनेमाचा डिजिटल कॅमेरा. घेतला तेव्हाच तो जुना होता, आता तर विचारूच नका. वजन असं की खांद्यावर घेतला की दादा एका बाजूला कलतो आणि सगळं लग्न सरळ येतं. बटण दाबल्यावर चालू व्हायला दीड मिनिट लागतं. घाई केली की दादा म्हणतो, "उठू दे की त्येला." शूटिंग चालू असताना आतला पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर मंगलाष्टकांत घरघर येते. मग तो तापतो. मग दादा त्याच्यावर ओला पंचा टाकतो. एकदा वरपक्षातल्या एका पावण्यानं विचारलं, "ह्येला ताप आलाय काय हो?"

"व्हय," दादा म्हणाला. "मगाशी तुमचं भाषण घेतलं न्हवं."

कार्डात मावतं पंधरा मिनिटांचं. कार्डं दोन. म्हणजे अख्खं लग्न अर्ध्या तासात. पोरं ओरडतात, "दादा, नवरदेव आला, काढ की!" दादा जागचा हलत नाही. "आलाय न्हवं? मग लगेच जातोय कुठं?" दिवसभर ज्या गोष्टीसाठी बाकीचे कॅमेरेवाले एकमेकांच्या पायावर पाय देतात, तिच्याकडं हा पाठ करून उभा असतो आणि कुठल्यातरी कोपऱ्यात वांगी चिरणाऱ्या आत्याबाईचं दीड मिनिट घेतो. लोक चिडतात. नंतर महिन्याभरानं त्या आत्याबाईची पोरं येऊन तेवढंच मागून नेतात.

त्याची बायको, आमची शालावहिनी, होती तेव्हा म्हणायची, "सवत परवडली असती. ती निदान आपल्या पायानं चालली असती." वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी मनीषा लग्न होऊन नाशिकला. आता घरात दादा आणि कॅमेरा.

आणि आता गंमत बघा. चार वर्षांपूर्वी ज्याला सगळे भंगार म्हणत होते, त्या कॅमेऱ्यासाठी इचलकरंजीची पोरं मोटारसायकलवरून येतात. गाणी करतात, छोट्या फिल्मा करतात. त्यांच्याकडं नवे कॅमेरे आहेत, पण नव्यात माणसं मैद्याची दिसतात म्हणे. "दादा, ह्यो लूक कसा काय येतो हो?" दादा म्हणतो, "लूक न्हवं लेकरा, उन्हात हुबा ऱ्हा." हे ऐकून ती पोरं वहीत लिहून घेतात. मला तीस वर्षांत कुणी वहीत लिहून घेतलं नाही.

आमच्या पोरीचं, अश्विनीचं, लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना ड्रोनवाला पाहिजे होता. मी एकटा दादाच्या बाजूनं. पण खरा निकाल दिला आमच्या हिनं. आमच्याकडं मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. मंगलाष्टकं चालू झाली की तिनं मागं जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं. ही दादाला म्हणाली, "दादा, मी काय मांडवात नसणार. मला तुमच्याच कॅमेऱ्यात बघायच्या हाईत अक्षता. तुमच्यात माणूस माणसासारखं दिसतं." दादानं मान हलवली. हो म्हणाला नाही, हे मला नंतर आठवलं.

लग्न झालं. जेवणं झाली. मी हसतहसत विचारलं, "काय दादा, अक्षता झ्याक आल्या न्हवं?"

"न्हाय काढल्या."

मला वाटलं चेष्टा करतोय. "न्हाय काढल्या म्हंजे?"

"मी तितं नव्हतो."

मग माझं डोकं जे फिरलं! अरे, एक गोष्ट सांगितली होती. एक! ड्रोन नको, मेहंदी नको, वरात नको, फक्त ते एक मिनिट. ते घरच्या बाईनं तोंडानं मागितलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणालो. "गुंडोपंत, तुम्ही त्या वेळी काय जिलेबी खात बसलावता काय?" सगळा हॉल ऐकत होता. दादानं कॅमेऱ्यावरचा पंचा पिळला, घडी केला आणि गेला. घरी हिला सांगितलं, तर ही एवढंच म्हणाली, "असू दे." पण रात्री जेवली नाही. त्यानं मी जास्तच पेटलो.

वीस दिवस आमची किटली वेगळी. मी समोर बघायचो नाही, म्हणजे रोज बघायचो.

एकविसाव्या दिवशी दादा सकाळी घरी आला. चप्पल दारात काढली आणि पेन ड्राइव्ह हिच्या हातात दिला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "वहिनी, लावा."

टीव्हीवर आधी हळद, मग वरमाईचं पाय धुणं. मग मंगलाष्टकांचा आवाज सुरू झाला आणि चित्र आलं ते मांडवाचं नव्हतंच. हॉलच्या मागची बाजू, लांबून, खांबाआडून घेतलेली. हात धुवायचे नळ, रिकामे क्रेट आणि डब्यातली तुळस. तिच्यापुढं पाटावर ही बसलेली, एकटी. हिरवं लुगडं, घामानं पसरलेलं कुंकू. घरातल्या सगळ्या फोटोंत ही पिठासारखी पांढरी असते. इथं तिचा रंग तिचाच होता, आणि डोळ्यांखालचं काळंही. हात तांब्यावर. मागून 'सावधान' ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी ही थोडंसं पाणी घालत होती. मग शेवटचं सावधान झालं. बाजा सुरू झाला. हिचा हात तसाच थांबला. ती मागं वळली नाही. डोळे मिटले, ओठ हलले, आणि तांब्या कलता राहिला तो पाणी संपेपर्यंत.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी पुढं होतो, पावण्यांच्यात.

ही बघत होती ती बघतच राहिली. पदर तोंडाला लावला.

दादा जमिनीकडं बघत म्हणाला, "पोरीचा हार दोनशे मोबाइलांत हाय वहिनी. मागल्या दाराला कोण बी नव्हतं." मग म्हणाला, "मनीच्या लग्नात मी बी पुढंच हुतो. कॅमेरा घिऊन. लई झ्याक काढल्या अक्षता. शाली मागं बसलीती. तिचं तोंड कसं झालतं, मला ठावं न्हाय. कधी इचारलं न्हाय. आणि आता इचारू कुणाला?"

 मग तो हिच्याकडं वळला. तीस वर्षांत मी ह्या माणसाला कुणाकडं काही मागताना बघितलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही सांगा. त्या वक्ताला बाईच्या मनात काय येतंय?"

हिनं डोळे पुसले. थोडा विचार केला. हातचं न राखता सांगावं तसं तिनं सांगितलं.

"दुसरं काय येणार दादा? वाटलं, ह्यांनी एवढ्या गर्दीतनं एकदा मागं येऊन माझ्याजवळ बसावं."

दादानं मान खाली घातली. मीही घातली.